नवी यंत्रणा घेतली, पण शिकण्याचे तास कोण देणार?

धागा : जुना पट्टा

गेली पंधरा-सोळा वर्षे मी वेगवेगळ्या संस्थांमध्ये संगणकीय यंत्रणा बसवण्याचे काम करतो. त्यांत कारखाने आणि गोदामे अधिक, काही रुग्णालयेही होती. या काळात माझे एक मत पक्के होत गेले आहे आणि ते येथे वादासाठी मांडतो : ज्या संस्थेला आपल्या माणसांना कामाच्या वेळेत आणि पूर्ण पगारावर शिकण्यासाठी तास काढून देणे जमत नाही, त्या संस्थेने नवी यंत्रणा घेऊच नये. विधान कडक आहे याची मला कल्पना आहे. तरी ते सौम्य करण्याचा आग्रह धरण्याआधी त्यामागची कारणे ऐकावीत.

पहिले कारण शंभर वर्षांपेक्षा जुने आहे. एडिसनचे न्यूयॉर्कमधील वीजकेंद्र १८८२ मध्ये सुरू झाले. मात्र १९०० च्या सुमारास अमेरिकेतील कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या यांत्रिक शक्तीमध्ये विजेचा वाटा ५ टक्क्यांच्याही आत होता, आणि विजेमुळे उत्पादकतेत जी झेप दिसायला हवी होती ती दिसायला १९२० चे दशक उजाडले. अर्थतज्ज्ञ पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये या विलंबाची उकल केली. वाफेवरच्या कारखान्यात एकच मोठे इंजिन, त्याने फिरणारा छताखालचा लांबलचक दांडा आणि त्या दांड्यावरून प्रत्येक यंत्रापर्यंत उतरणारे चामड्याचे पट्टे अशी मांडणी असे. कामाचा क्रम काहीही असो, यंत्राची जागा दांडा ठरवी. वीज आल्यावर मालकांनी इंजिन काढून त्या जागी एक मोठी मोटार बसवली. दांडा तोच राहिला, पट्टेही तेच राहिले आणि फायदा मात्र बेताचाच झाला. प्रत्येक यंत्राला स्वतःची लहान मोटार मिळाली, इमारती एकमजली झाल्या, यंत्रे कामाच्या क्रमाने मांडली गेली आणि ही नवी मांडणी समजणारे कामगार व अभियंते तयार झाले, तेव्हा कुठे विजेवरचा खर्च वसूल झाला. (माझे येथील टोपणनाव त्या पट्ट्यांवरूनच घेतले आहे.)

आज मी जिथे जातो तिथे मोटार नवी आणि पट्टे जुने, असेच दृश्य असते. कागदी अर्जाची हुबेहूब प्रतिकृती पडद्यावर येते, जिथे तीन सह्या लागत तिथे आता तीन वेळा बटण दाबावे लागते, आणि कामाचे आधुनिकीकरण झाले असे वार्षिक अहवालात छापले जाते. संगणकाचे युग सगळीकडे दिसते, फक्त उत्पादकतेच्या आकडेवारीत तेवढे दिसत नाही, असा टोला अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९८७ मध्ये लगावला होता. पुढे आकडेवारी काही काळ सुधारली, पण त्या टोल्याला निमित्त देणाऱ्या संस्था काही कमी झाल्या नाहीत.

दुसरे कारण अंदाजपत्रकात सापडते. सॉफ्टवेअरचे परवाने, यंत्रसामग्री आणि सल्लागारांचे शुल्क हे आकडे वर असतात. प्रशिक्षण शेवटच्या ओळीत असते, आणि प्रकल्प लांबला की पहिली कात्री त्याच ओळीवर चालते. अमेरिकेतील हर्शी या चॉकलेट कंपनीचे १९९९ मधील प्रकरण आमच्या व्यवसायात सर्वांना पाठ आहे. सुमारे ११.२ कोटी डॉलरच्या त्या प्रकल्पासाठी ४८ महिने सुचवले गेले असताना तो ३० महिन्यांत उरकण्याचे ठरले, आणि नव्या प्रणाली जुलैमध्ये, म्हणजे वर्षातल्या सर्वात मोठ्या विक्रीच्या तोंडावर, एकदम सुरू केल्या गेल्या. गोदामात माल होता, दुकानदारांची मागणी होती, पण मागणीप्रमाणे माल काही बाहेर पडेना. त्या तिमाहीचा नफा १९ टक्क्यांनी घसरला. यातली बोलकी गोष्ट पुढे आहे : काही वर्षांनी त्याच कंपनीत त्याच प्रणालीची नवी आवृत्ती सुरळीत बसली. म्हणजे दोष प्रणालीचा नव्हता.

म्हणून माझे म्हणणे असे की शिकण्याचे तास हा प्रकल्पाच्या खर्चातला पहिला आकडा असावा, आणि तो भरता येत नसेल तर खाली दुसरा आकडा लिहूच नये. व्यवसाय, आरोग्यसेवा आणि कामगारांचे शिक्षण या तीन स्वतंत्र समस्या आहेत असे सहसा मानले जाते. मला त्या एकाच समस्येची तीन तोंडे वाटतात. यावर असहमती अपेक्षित आहे.

प्रतिसाद १ : ताळेबंद

पूर्णतः असहमत, आणि कारण सरळ आहे : आपण जे सांगता ते दुसऱ्याच्या पैशांनी चालणाऱ्या संस्थेला परवडते.

मी यंत्रांचे सुटे भाग बनवणारा मध्यम आकाराचा उद्योग चालवतो. दोनशेच्या आसपास माणसे आहेत. आमचे ग्राहक भागांच्या मापांची नोंद संगणकीय स्वरूपात मागू लागले, तेव्हा त्यांनी आम्हाला मुदत दिली ती सहा महिन्यांची. "आमच्या माणसांचे शिकून झाले की कळवतो" असे उत्तर दिले असते, तर ते काम दुसरीकडे गेले असते आणि ज्यांच्या शिक्षणाची काळजी आपण करत आहात त्यांना शिकायला यंत्र तर नाहीच, पण नोकरीही उरली नसती. प्रतिस्पर्धी आपल्या प्रशिक्षणाच्या वेळापत्रकाकडे पाहून थांबत नाही.

आपल्या विजेच्या उदाहरणातून तर मला नेमका उलटा अर्थ दिसतो. ज्यांनी पहिली मोटार जुन्याच दांड्याला जोडली, त्यांनाच पुढे कळले की दांडा काढून टाकता येतो. त्या मालकांनी आपला सल्ला मानून मोटार घेतलीच नसती, तर एकमजली कारखान्याची कल्पना कोणाच्या डोक्यात आली असती? अर्धवट आधुनिकीकरण हे अपयश नव्हे, ती पहिली पायरी असते. ती वाकडी पडते, पण तिच्यावर पाय ठेवल्याशिवाय दुसरी चढता येत नाही. माणूस यंत्र हाताळताना शिकतो. प्रशिक्षणाच्या खोलीत बसून चहा आणि प्रमाणपत्र तेवढे मिळते.

आणखी दोन मुद्दे आहेत. एक म्हणजे, मी ज्याला सहा महिने शिकवतो त्याला शेजारचा कारखाना जास्त पगार देऊन नेतो. म्हणजे खर्च माझा आणि लाभ त्याचा. हे रडगाणे नसून छोटा मालक प्रशिक्षणावर खर्च का करत नाही याचे साधे गणित आहे. दुसरे म्हणजे, तासांची मोजणी सुरू झाली की तासांचा धंदाही सुरू होतो. सिंगापूरने २०१५ मध्ये स्किल्सफ्यूचर ही योजना आणली, २५ वर्षांवरील प्रत्येक नागरिकाला शिक्षणासाठी ५०० सिंगापुरी डॉलरचे खाते दिले, आणि हेतू उत्तम होता यात शंका नाही. पण तिथल्यासारख्या काटेकोर प्रशासनातही याच योजनेच्या निधीतून खोटे दावे करून सुमारे ४ कोटी सिंगापुरी डॉलर उकळणारी टोळी २०१७ मध्ये उघडकीस आली. सक्तीच्या तासांचे इतरत्र काय होईल याची कल्पना करावी.

प्रतिसाद २ : रात्रपाळी

ताळेबंद यांची "वाकडी पायरी" वाचून लिहावेसे वाटले. सुटा भाग वाकडा झाला तर तो वितळवता येतो. आमच्याकडे त्या पायरीवर रुग्ण असतो.

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. अमेरिकेतील पिट्सबर्गच्या बालरुग्णालयात डॉक्टरांनी औषधांचे आदेश थेट संगणकावर नोंदवण्याची प्रणाली अवघ्या सहा दिवसांत संपूर्ण रुग्णालयात लागू झाली. विशेष उपचारांसाठी दुसरीकडून तिथे हलवलेल्या मुलांमधील मृत्यूंचे प्रमाण प्रणालीपूर्वी २.८० टक्के होते, ते नंतरच्या पाच महिन्यांत ६.५७ टक्के झाले. हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिलेली कारणे वाचताना मला आपलाच विभाग डोळ्यांसमोर आला. तिथे पूर्वी रुग्णवाहिका वाटेत असतानाच डॉक्टर औषधे सांगत आणि परिचारिका ती भरून तयार ठेवत. नव्या प्रणालीत रुग्ण दाखल होऊन त्याची नोंद झाल्याशिवाय आदेशच देता येईना. जी औषधे विभागातच हाताशी असत ती मध्यवर्ती औषधालयात गेली. एक माणूस पडद्याशी अडकला, म्हणजे खाटेशी एक माणूस कमी झाला.

आमच्या प्रशिक्षणाविषयीही सांगते. मी ज्या रुग्णालयात तेव्हा होते तिथे नवी प्रणाली सुरू होण्याच्या तीन आठवडे आधी अर्ध्या दिवसाचा वर्ग झाला. वर्ग सकाळी दहाला होता. रात्रपाळीच्या परिचारिकांनी बारा तास उभे राहून काम करायचे, आणि मग त्या वर्गात डोळे उघडे ठेवून बसायचे. शिकवलेली आवृत्ती आणि प्रत्यक्षात आलेली आवृत्ती यांतील पडदे निराळे होते. पहिल्या रात्री रक्तदाब वाढवणाऱ्या औषधाचा वेग कुठे नोंदवायचा हे मला आणि माझ्या सहकाऱ्याला सापडेना, तेव्हा आम्ही ते हातमोज्याच्या पाकिटावर लिहून ठेवले. सकाळी ते पाकीट कचऱ्यात गेले होते. सुदैवाने आकडा मला पाठ होता.

जुना पट्टा यांच्याशी मी सहमत आहे, पण त्यांच्या विधानात "तास" हा शब्द मोघम आहे. कोणते तास, कोणत्या पाळीचे, आणि त्या वेळी माझ्या रुग्णाकडे कोण पाहणार, हे लिहिल्याशिवाय तो आकडा अंदाजपत्रकात पहिला आला काय किंवा शेवटचा आला काय, फरक पडत नाही.

प्रतिसाद ३ : दुसरे मत

मी डॉक्टर आहे आणि रात्रपाळी यांच्या अनुभवाविषयी आदर ठेवून लिहितो की पिट्सबर्गचे उदाहरण अर्धेच सांगितले जाते.

तीच प्रणाली सिएटलच्या बालरुग्णालयात बसवली गेली आणि २००६ च्या अभ्यासात तिथे मृत्यूंचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. पुढे २०१० मध्ये स्टॅनफर्डच्या बालरुग्णालयातून आलेल्या अभ्यासात अशाच प्रणालीनंतर मृत्युदर सुमारे २० टक्क्यांनी कमी झालेला आढळला. म्हणजे रुग्णालयांना विकले गेलेले साधन मारक नव्हते. अतिदक्षता विभागात एकाच वेळी लागणाऱ्या नेहमीच्या आदेशांचे संच सिएटलमध्ये आधी तयार करून ठेवलेले होते. पिट्सबर्गमध्ये सुरुवातीला ते नव्हते, त्यामुळे प्रत्येक औषध एकेक करून नोंदवावे लागे. हा दोष प्रशिक्षणाच्या तासांचा नाही. पिट्सबर्गच्या डॉक्टरांना दुप्पट तास दिले असते, तरी गैरसोयीचा पडदा ते फक्त थोड्या अधिक सफाईने भरू शकले असते.

जुना पट्टा यांच्या मूळ विधानाला माझा आक्षेप इथेच आहे. तासांना ते औषध समजत आहेत. शस्त्रक्रियेपूर्वीच्या सुरक्षा-यादीचा इतिहास पाहावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या एका पानी यादीचा आठ शहरांतील आठ रुग्णालयांत प्रयोग झाला, आणि २००९ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा मृत्यूंचे प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतींचे ११ वरून ७ टक्क्यांवर आले होते. यंत्र नाही, परवाना नाही, केवळ एक कागद. मग कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताने ती यादी सर्वत्र लागू केली, आणि १०१ रुग्णालयांचा २०१४ मधील अभ्यास सांगतो की मृत्यूंमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. यादी भरल्याची नोंद मात्र जवळजवळ सर्वत्र होती. खूण करणे शिकवता येते; कनिष्ठ परिचारिकेने शल्यचिकित्सकाला "थांबा" म्हणावे आणि त्याने थांबावे, हे वर्गात शिकवून येत नाही.

आणि वाट पाहण्याचीही किंमत असते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीचा विषाणू पसरला, तेव्हा इंग्लंडमधील राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या एक तृतीयांशाहून अधिक ट्रस्टचे (म्हणजे रुग्णालये चालवणाऱ्या संस्थांचे) काम विस्कळीत झाले आणि सुमारे १९,००० भेटी रद्द झाल्याचा अंदाज होता. ज्या त्रुटीतून तो शिरला तिची दुरुस्ती दोन महिने आधीच उपलब्ध होती. "सवड झाली की अद्ययावत करू" म्हणणाऱ्यांची ती सवड होती. कागदाच्या बाजूने भावुक होणाऱ्यांना तर एवढेच विचारावेसे वाटते की माझ्या पिढीतील डॉक्टरांचे अक्षर त्यांनी कधी वाचून पाहिले आहे का?

प्रतिसाद ४ : रात्रपाळी

वाचले आहे, रोज. म्हणूनच आम्ही फोन करून विचारत असू. आता अक्षर स्पष्ट असते, त्यामुळे चुकीचा आकडाही स्पष्ट दिसतो आणि कोणी विचारत नाही.

प्रतिसाद ५ : खडूफळा

मी तंत्रशिक्षण देणाऱ्या संस्थेत शिकवतो. वर चाललेला वाद मुख्यतः तास किती आणि ते कोणाच्या खर्चाने, यावर आहे. त्या तासांत काय शिकवायचे हा प्रश्न सगळ्यांनी सुटलेला धरला आहे, आणि तो सुटलेला नाही.

बहुतेक ठिकाणी "प्रशिक्षण" म्हणजे कोणते बटण कुठे आहे हे दाखवणे. त्याचे आयुष्य पुढच्या आवृत्तीपर्यंत. आमच्या संस्थेला एकदा एका उद्योगाकडून एक महागडे यंत्र देणगी म्हणून मिळाले. समारंभ झाला, छायाचित्रे निघाली, तीन वर्षांत निर्मात्याने त्या यंत्राची सेवा बंद केली आणि आज ते प्लास्टिकच्या आच्छादनाखाली उभे आहे. त्याच कार्यशाळेत कानस आणि मोजमापाचा व्हर्नियर कॅलिपर घेऊन जे विद्यार्थी घासघासून मापात आणायला शिकले, ते पुढे कोणत्याही यंत्रावर उभे राहिले तरी यंत्र चुकते आहे हे त्यांना कळते. नवे यंत्र नसले तर शिक्षण मागासलेले, ही समजूत आमच्या क्षेत्राचे फार नुकसान करते.

यंत्र चुकते आहे हे कळणे हाच खरा विषय आहे. लिझान बेनब्रिज या संशोधिकेने १९८३ मध्येच स्वयंचलनातली विसंगती दाखवून दिली होती : सोपे काम यंत्राकडे गेले की माणसाकडे फक्त अवघड आणि क्वचित येणारे प्रसंग उरतात, आणि नेमका त्याच प्रसंगांचा सराव त्याला राहत नाही. याचे ताजे उदाहरण डॉक्टरांचेच आहे. पोलंडमधील चार केंद्रांत मोठ्या आतड्याच्या तपासणीत कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली जाऊ लागली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, त्याच अनुभवी डॉक्टरांनी या मदतीविना केलेल्या तपासण्यांत कर्करोगपूर्व गाठी सापडण्याचे प्रमाण पूर्वी २८.४ टक्के होते, ते मदतीची सवय झाल्यानंतर २२.४ टक्के झाले. अभ्यास निरीक्षणात्मक आहे, त्यामुळे इतर कारणे पूर्णपणे नाकारता येत नाहीत. पण कल पाहून शिक्षक म्हणून मी अस्वस्थ झालो. ज्यांना काम येत होते त्यांचे हे, तर जे पहिल्या दिवसापासून यंत्राच्या आधाराने शिकतील त्यांचे काय?

ताळेबंद यांच्या गणितालाही उत्तर आहे, पण ते एका मालकाच्या हातात नाही. जर्मनीत शिकाऊ उमेदवार आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात आणि उरलेले दिवस व्यवसायशाळेत असतो, असे दोन ते साडेतीन वर्षे चालते, आणि त्या काळात मालक त्याला भत्ता देतो. शेजारी पळवून नेईल ही भीती तिथेही आहे, पण अनेक शेजारीही शिकवत असतात आणि अभ्यासक्रम मालकांच्या संघटना व कामगार संघटना मिळून ठरवतात. या व्यवस्थेला १९६९ मध्ये देशव्यापी कायद्याची चौकट मिळाली, पण मुळे कारागिरांच्या जुन्या संघांपर्यंत जातात. ती उचलून दुसरीकडे लावणे सोपे नाही हे मी मान्य करतो. अनेकांनी प्रयत्न केले. शाळा उचलली आणि मालक मागे राहिले.

(अवांतर : क्ष-किरण छायाचित्रे वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टचे काम लवकरच यंत्रे करतील, म्हणून त्यांचे प्रशिक्षण आता थांबवावे, असे कृत्रिम बुद्धिमत्तेचे संशोधक जेफ्री हिंटन २०१६ मध्ये म्हणाले होते. कोणी ते ऐकून खरोखर थांबले असते, तर आज तपासण्यांच्या रांगा आणखी लांबल्या असत्या. भाकितांवर अभ्यासक्रम ठरवू नये.)

प्रतिसाद ६ : जुना पट्टा

सर्वांचे आभार. एक माघार आधी घेतो. पहिली मोटार जुन्या दांड्याला जोडणाऱ्यांनीच पुढची वाट शोधली, हे ताळेबंद यांचे म्हणणे मला खोडता आले नाही. "घेऊच नये" हे शब्द मागे घेतो. त्याऐवजी असे म्हणतो : घ्या, पण पहिली आवृत्ती चुकणार आहे असे धरून घ्या, आणि ती चूक दाखवून देणाऱ्या माणसाचा वेळ व त्याची नोकरी, दोन्ही सुरक्षित ठेवा.

हे दुसरे कलम मला दुसरे मत यांच्या "थांबा" या शब्दावरून सुचले. ब्रिटनच्या टपाल खात्यात १९९९ पासून होरायझन ही हिशेबाची प्रणाली आली. शाखा चालवणाऱ्यांच्या हिशेबात तूट दिसू लागली. ते सांगत होते की पैसे आम्ही घेतलेले नाहीत, प्रणाली चुकते आहे; त्यांच्यावर विश्वास ठेवण्याऐवजी पडद्यावर ठेवला गेला. ९०० हून अधिक जणांना दोषी ठरवले गेले, काहींना तुरुंगवास झाला, आणि त्या शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा व्हायला २०२४ उजाडले. माणूस यंत्र हाताळताना शिकतो, हे खरे. पण यंत्र चुकल्यावर ती चूक हाताळणाऱ्याच्या नावावर जमा होणार असेल, तर तो पहिली गोष्ट शिकतो ती गप्प बसण्याची.

तास म्हणजे औषध नव्हे, हेही मान्य. तरी तास वगळून बाकीचे घडते कसे, हे मला कोणी सांगावे. जनरल मोटर्सचा कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील कारखाना गैरहजेरी आणि संपांमुळे बदनाम होऊन १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा घेतलेल्या कामगारांपैकी सुमारे ८५ टक्के त्याच जुन्या कारखान्यातले होते आणि कामगार संघटनाही तीच होती. पूर्वी २० टक्क्यांच्या वर असलेली गैरहजेरी ३-४ टक्क्यांवर आली आणि दोन वर्षांत तो कारखाना कंपनीच्या उत्तम कारखान्यांत गणला गेला. तिथली यंत्रे काही अद्भुत नव्हती. पण गटप्रमुखांना काही आठवडे जपानमध्ये प्रत्यक्ष उत्पादन-साखळीवर उभे करून शिकवले होते, आणि दोष दिसला तर दोरी ओढून साखळी थांबवण्याचा अधिकार प्रत्येक कामगाराला होता. "थांबा" म्हणणे वर्गात शिकवता येत नाही, हे बरोबर. ते साखळीवर शिकवले गेले, आणि त्यालाही तास लागलेच. त्याच दशकात हीच कंपनी इतर कारखान्यांत रोबोंवर अब्जावधी डॉलर ओतत होती.

प्रतिसाद ७ : ताळेबंद

माघार मोकळेपणाने घेतलीत, म्हणून मीही थोडी घेतो. थोडीच.

फ्रीमाँटचे उदाहरण सुंदर आहे, पण ते दोन वर्षे बंद पडलेल्या कारखान्याचे आहे. तिथे जुने उत्पादन चालू ठेवायचे नव्हते. शिवाय तो कारखाना डोळ्यांसमोर असूनही जनरल मोटर्सला ती पद्धत आपल्या इतर कारखान्यांत नेता नेता वर्षानुवर्षे लागली. तिथे पैसा होता, तास होते, शिकवणारे होते, तरीही. तेव्हा "तास द्या, मग होते" हे समीकरण आपल्याच उदाहरणात टिकत नाही.

माझा अनुभव सांगतो. मापांची नोंद करणारी प्रणाली आम्ही आधी उत्पादनाच्या एकाच ओळीवर बसवली आणि दोन महिने जुने रजिस्टर आणि नवी प्रणाली शेजारी शेजारी चालवली. दोन्हींतले आकडे रोज संध्याकाळी पाळीप्रमुख ताडून पाहत असे. जिथे फरक निघे तिथे चूक कोणाची याचा शोध घेतला, आणि पहिल्या महिन्यात बहुतेक वेळा चूक प्रणालीच्या मांडणीत निघाली, माणसांची नव्हे. या दुहेरी नोंदीला जे जादा तास लागले ते मी खर्चात धरले नव्हते. म्हणजे तास मी दिले, फक्त त्यांना प्रशिक्षण म्हटले नाही. हे आपल्या बाजूने जाते, मला दिसते आहे. पण ते तास यंत्र घेतल्यानंतरचे होते आणि यंत्रावरचे होते, एवढा माझा आग्रह कायम आहे. ही दुहेरी नोंदीची पद्धत रुग्णालयांनी का वापरू नये, हे मात्र मला खरोखर समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद ८ : दुसरे मत

काही ठिकाणी मर्यादित काळ वापरतात, पण ती जपूनच वापरावी लागते. डॉक्टरांचा वेळ आधीच कुठे जातो ते पाहा : अमेरिकेतील २०१६ च्या एका निरीक्षणात रुग्णासोबतच्या प्रत्येक तासामागे जवळजवळ दोन तास संगणकीय नोंदी आणि टेबलावरच्या कामात जात होते. त्यावर दुसरी वही ठेवली, तर रुग्ण पाहायचा कधी? माझ्या मते रुग्णालयाने जास्तीची माणसे त्या काळापुरती बाहेरून आणावीत. एका रुग्णालयाने यंत्रणा बदलताना शेजारच्याने माणसे द्यावीत, आणि पुढच्या वेळी उलट.

प्रतिसाद ९ : रात्रपाळी

ताळेबंद यांनी मनापासून विचारले आहे म्हणून उत्तर देते. आपल्याकडे एका भागाची नोंद दोन ठिकाणी झाली तर संध्याकाळी ताडून पाहता येते. आमच्याकडे एकाच रुग्णाच्या औषधाचा आदेश वहीत आणि संगणकात असा दोन ठिकाणी असला, तर एक परिचारिका वही पाहून औषध देते आणि तासाभराने दुसरी पडदा पाहून तेच औषध पुन्हा देते. संध्याकाळपर्यंत थांबता येत नाही. आदेश एकाच ठिकाणी असले पाहिजेत, आणि म्हणून पहिल्या रात्री प्रत्येक दोन खाटांमागे एक जादा परिचारिका हवी, जिच्याकडे स्वतःचा रुग्ण नसेल. दुसरे मत यांची शेजारच्या रुग्णालयातून माणसे आणण्याची कल्पना चांगली आहे. त्या परिचारिकांना आमची औषधांची कपाटे माहीत नसतील, पण पडद्याशी त्या बसू शकतील आणि आम्ही खाटेशी राहू.

आमच्या प्रणालीची पुढची आवृत्ती दोन महिन्यांनी येते आहे. सूचनाफलकावर कागद लागला आहे : प्रशिक्षण ऐच्छिक, वेळ सकाळी अकरा. रात्री आठचा, पाळी सुरू होण्याआधीचा आणि हजेरीत धरला जाणारा एक वर्ग ठेवावा, असा अर्ज आम्ही सात जणींनी दिला आहे. जादा परिचारिकेचा मुद्दा त्यात नव्हता. तो आज रात्री दुसऱ्या कागदावर लिहून देते.